हा वायान लोद्रा कोण?

आमच्या बंजारात कॉम्प्युटर आला तेव्हा तो ठेवायचा कुठे यावर दोन सभा झाल्या. बंजार म्हणजे आमची वाडी आणि वाडीचा कारभार, दोन्ही एकच. शेवटी सभामंडपात काशाच्या वाद्यांशेजारी त्याला जागा मिळाली, कारण तेवढ्याच कोपऱ्यात छप्पर गळत नाही. जागा ठरली तशी पूजाही ठरली. रोज सकाळी नारळाच्या पानाचा द्रोण, त्यात फुलं, चिमूटभर भात आणि वर उदबत्ती. हे काम माझ्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात भाताचं एक शीत कीबोर्डात जाऊन बसलं आणि एक अक्षर उमटेना. देव त्यावरून रागावला नाही, क्लियान रागावले.

क्लियान म्हणजे वाडीचे मुख्य. माणूस वाईट नाही. फक्त एखादी गोष्ट अर्धी कळली की ती पूर्ण कळली असं त्यांना वाटतं, आणि मग ते ती दुसऱ्यांना शिकवायला लागतात.

त्यांना सगळे पान रातिह म्हणतात, म्हणजे रातिहचा बाप. मी मेन तुंजुंग, तुंजुंगची आई. माझा नवरा ओघानेच पान तुंजुंग. आमच्या बालीत पहिलं मूल झालं की आईबापाचं स्वतःचं नाव वापरातून जातं. ओळखपत्रावर राहतं तेवढंच. ते एका अर्थी बरंच आहे. थोरला तो वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवा झाला की पुन्हा वायान, अशी नावं ठेवायची पद्धत. भर वाडीत ‘ए वायान’ म्हणून हाक मारा, निम्मी वाडी ‘ओ’ देईल.

तर या कॉम्प्युटरला प्रश्न कसे विचारायचे हे शिकवायला तालुक्याच्या गावी शिबिर होतं. प्रत्येक बंजारातून एक पुरुष आणि एक बाई यायला हवी होती. क्लियान जाणारच होते. बाई म्हणून त्यांच्या बायकोला, मेन रातिहला विचारलं, तर ती म्हणाली, “यांचं घोरणं मला घरी फुकट ऐकायला मिळतं. त्यासाठी तालुक्याला कशाला जाऊ?” म्हणून मी गेले.

शिकवायला सुराबायाची बू रिनी नावाची बाई होती. दिसायला पोरगेली, आवाज मात्र शेवटच्या रांगेला जागं ठेवणारा. ती म्हणाली, “माहिती तक्त्यांत असते. माणसांचा एक तक्ता, घरांचा दुसरा, हजेरीचा तिसरा. यंत्राला तीन गोष्टी सांगायच्या. सिलेक्ट, म्हणजे काय हवंय. फ्रॉम, म्हणजे कुठल्या तक्त्यातून. व्हेअर, म्हणजे कुठल्या अटीवर. जेवढं सांगाल तेवढंच करेल. तुमच्या मनातलं ओळखायला ते काही तुमची आई नाही.”

सरावासाठी प्रत्येकाने आपापला तक्ता करायचा होता. क्लियानांनी आजवरच्या सगळ्या क्लियानांचा केला. मी माझ्या कोंबड्यांचा केला. नाव, रंग, वय, आणि शेवटी एक रकाना ‘गेला कसा’. मग विचारलं, सिलेक्ट नाव, फ्रॉम कोंबड्या, व्हेअर रंग बरोबर लाल. उत्तरात एकच ओळ आली. माझा बिइंग! अख्ख्या वाडीत तसा लालबुंद कोंबडा नव्हता. त्याला पडद्यावर बघून मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला दाखवला.

दुपारी जेवणात भाजलेलं डुक्कर होतं. क्लियानांनी कुरकुरीत कातडं दोनदा मागून घेतलं आणि पंख्याखालची जागा पकडली. तिथे त्यांची मान छातीवर टेकली, आणि नेमकी तेव्हाच बू रिनी म्हणाली, “आता नीट ऐका. दोन तक्ते एकमेकांना जोडायचे असतील तर क्रमांकावर जोडा. प्रत्येक घराला क्रमांक दिलाय तो त्यासाठीच. नावावर कधीही जोडू नका. आणि तुम्ही लोकांनी तर मुळीच नाही. या वर्गात वायान किती?” बरेच हात वर झाले. “न्योमान किती?” पुन्हा बरेच झाले. एका न्योमानचा तेवढा झाला नाही, तो घोरत होता. मी क्लियानांना कोपराने ढोसलं. “समजलं, समजलं,” असं म्हणून त्यांनी मान दुसऱ्या बाजूला टाकली.

परत आल्यावर क्लियानांनी सगळ्यात आधी गैरहजेरी कॉम्प्युटरात भरायला घेतली. आमच्याकडे मंडपाच्या मनोऱ्यात लाकडी टोल टांगलेला आहे. तो वाजला की हातातलं काम टाकून यायचं; देवळाचं आवार झाडायला, मांडव घालायला, कुणाच्या मयताला. एकदा चुकलं तर गालुंगानच्या, म्हणजे दर दोनशे दहा दिवसांनी येणाऱ्या आमच्या मोठ्या सणाच्या, आदल्या दिवशी नदीवर डुकरांची आतडी धुवायची. एका गालुंगानपासून दुसऱ्यापर्यंत तीनदा चुकलं, तर वाडीत जो काही मान असेल तो गेला.

माझ्या नवऱ्याला एकच मान आहे. तो बारोंगचे पुढचे पाय आहे.

बारोंग म्हणजे आमच्या वाडीचा राखणदार, केसाळ, सोनेरी, बटबटीत डोळ्यांचा. आत दोन माणसं असतात. मागचा नुसता वाकून चालतो, पुढचा मुखवटा पेलतो आणि जबडा वाजवतो. माझे सासरे पुढचे पाय होते. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, घुंगरं लावलेली विजार नवऱ्याच्या हातात दिली. बाकी माणूस आळशी. छपरावरचं कौल सरकलं तर पाऊस थांबायची वाट बघतो आणि पाऊस थांबला की विसरतो. पण बारोंगच्या आत शिरला की वेगळाच. न्हायला निघाला तरी त्याच चालीत जातो, एक पाऊल, ठेका, दुसरं पाऊल. लग्नाला होकार दिला तो मी ती चाल बघूनच. चेहरा नंतर बघितला.

गालुंगान जवळ आला तशी सभा बसली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. क्लियानांनी भिंतीला पांढरी चादर लावून त्यावर कॉम्प्युटरचा उजेड पाडला होता.

“आता चुगल्या नाहीत, वशिला नाही,” ते म्हणाले. “मी प्रश्न विचारलाय, यंत्राने उत्तर दिलंय. सगळ्यात जास्त गैरहजर कोण?” त्यांनी बटण दाबलं. चादरीवर सगळ्यात वर उमटलं: वायान लोद्रा, सात.

सभेत कुजबुज सुरू झाली. “सात? हा वायान लोद्रा कोण?” “आपल्याकडचाच आहे का?” “मेला असेल, म्हणून येत नसेल.” म्हातारा पान जेपुन तर काठी आपटून ओरडला, “हाकला त्या लोद्राला! सात वेळा म्हणजे काय! लाज नाही वाटत?”

माझा नवरा सगळ्यांबरोबर मान हलवत होता. मग त्याची मान हळूहळू थांबली.

क्लियानांनी सदस्यांचा तक्ता वरून खाली बघितला. आमचं घर देवळाला लागून, म्हणून त्यात आमची ओळ वर येते. “वायान लोद्रा,” ते म्हणाले. “म्हणजे… पान तुंजुंग? अरे, तू?”

सगळे आमच्याकडे वळले. क्लियानांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला. “नियम तो नियम. पुढचे पाय या वेळी दुसऱ्याला द्यावे लागतील. आमचे जावई आहेत, हॉटेलात पाहुण्यांसमोर नाचतात. सवय आहे त्यांना.”

जावयाला मी नाचताना बघितलंय. नाचताना ओठांनी मात्रा मोजतो. बारोंगने मात्रा मोजलेल्या मी जन्मात बघितल्या नव्हत्या.

घरी आल्यावर नवऱ्याने ती पट्ट्यांची विजार पेटीतून काढली, घुंगरं आतल्या बाजूला वळवून नीट घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसला. मी कॉफी दिली ती तशीच निवली.

“किती वेळा चुकलात? खरं सांगा.”

“एकदा. ताप आला होता तेव्हा.”

“नक्की?”

“नक्की गं,” तो म्हणाला. बोलताना तो छपराच्या वाशांकडे बघत होता. मला वाटलं, दुःखाने बघतोय. मला रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

सकाळी द्रोण घेऊन मंडपात गेले. क्लियान कॉम्प्युटरसमोर बसलेच होते.

“क्लियान, कालचा तो प्रश्न जरा बघू द्या ना.”

“बघ की. चारच ओळी आहेत, पण डोकं लागतं.”

मी वाकून बघितलं. सदस्यांचा तक्ता, गैरहजेरीचा तक्ता, आणि दोन्ही जोडलेले नावावर. क्रमांकाचा रकाना दोन्हींत होता, पण क्लियानांनी तो चिंचोळा करून कडेला सारला होता, अडगळ समजून. आणि सगळ्यात वर, सिलेक्टच्या शेजारी, ऐटीत लिहिलेलं ‘डिस्टिंक्ट’.

“हे डिस्टिंक्ट कशाला?”

“अगं, यंत्र बडबडं आहे. तीच ओळ पुन्हा पुन्हा ओकत होतं. वायान लोद्रा सात, वायान लोद्रा सात, वायान लोद्रा सात. म्हटलं, एकसारख्या ओळी एकदाच दाखव. मी काय बहिरा आहे?”

मी उदबत्ती लावायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. यंत्र बिचारं घसा फोडून सांगत होतं की वाडीत वायान लोद्रा तीन आहेत, आणि या गृहस्थांनी त्याचंच तोंड दाबलं होतं. मी मनात माणसं आठवली. एक आमचे हे. दुसरा पान सांदात, सिंगाराजाला पोलिसात असतो आणि सणापुरता घरी येतो. तिसरा, देवा रे, काठी आपटणारा म्हातारा पान जेपुन! तिघांच्या गैरहजेऱ्या एकत्र करून तिघांच्याही डोक्यावर ठेवल्या होत्या, आणि देवळाशेजारी राहतो म्हणून सापडला होता माझा नवरा.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण क्लियान ‘बघू’ म्हणाले असते, आणि त्यांचं ‘बघू’ म्हणजे पुढचा गालुंगान. शिवाय नवऱ्याची शोभा साऱ्या सभेसमोर झाली होती. ती कोपऱ्यात उदबत्तीच्या धुरात कशी भरून निघणार?

“फार छान लिहिलाय,” मी म्हटलं. “परवा डुकराच्या वाट्यांची सभा आहे ना? घरागणिक माणसं मोजायचीच आहेत. हाच प्रश्न घरांच्या तक्त्याला लावून दाखवा सगळ्यांसमोर. आणि सुरुवात तुमच्याच घरापासून करा. मुख्याचं घर आधी.”

“तुला यातलं थोडंफार कळतं हं,” क्लियान खूश होऊन म्हणाले.

परवाच्या सभेला मी मुद्दाम मेन रातिहच्या मागे बसले. खरं तर आमचं बोलणं बंद होतं. माझा बिइंग दोन महिन्यांपूर्वी नाहीसा झाला, आणि तो तिच्या कुत्र्याने नेला असं मी तिला तिच्या अंगणात उभी राहून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा कुत्रा साखळीला आणि तिचं तोंड माझ्याकडे पाठमोरं. पण त्या दिवशी मला तिचा चेहरा बघायचा होता.

क्लियान उभे राहिले. “डुकराचे वाटे माणसांच्या हिशेबाने. उदाहरणादाखल माझंच घर घेऊ. माझं कागदोपत्री नाव न्योमान रुंडा.” त्यांनी टकटक करून प्रश्न लिहिला, माणसांचा तक्ता घरांच्या तक्त्याला नावावर जोडला, आणि बटण दाबलं.

चादरीवर उत्तर उमटलं. क्लियानांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली ही त्यांची दुसरी चूक. “न्योमान रुंडा. पत्नी, लुह सेकारिनी. बरोबर. न्योमान रुंडा. पत्नी…” इथे त्यांचा आवाज बसला. पुढचं सभेने वाचलं. पत्नी, मादे केर्ती. मुलं एकूण नऊ.

“म्हणून क्लियान व्हायचं होतं होय!” मागून कुणीतरी ओरडलं.

मेन रातिह उठून उभी राहिली. “ही मादे केर्ती कोण सटवी?”

तिच्या शेजारी बसलेली म्हातारी मेन लास्ती पान चघळत होती. तिने चादरीकडे डोळे बारीक करून बघितलं, मग छातीवर हात ठेवला. “अगं बाई! मीच की ती! या नावाने मला माझ्या आईनंतर कुणी हाक मारली नाही गं!” आणि लाल झालेल्या हिरड्या दाखवत ती क्लियानांकडे वळली. “नांदायला कधी येऊ? गालुंगानच्या आधी की नंतर? आधी आले तर सगळा स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडेल.”

तिचा नवरा पान लास्ती, आमचा ढोलकी वाजवणारा, पुरुषांच्या बाजूने उठला. तोही कागदोपत्री न्योमान रुंडाच. “घेऊन जा, क्लियान,” तो हात जोडून म्हणाला. “पण तिची पानाची पेटी आणि तिचा खोकला सोबत न्या. मागाहून परत पाठवायचं नाही.”

मंडप हसण्याने दणाणला. क्लियानांच्या कपाळावर घाम फुटला. “यंत्र चुकलंय,” ते म्हणाले.

“असं कसं? चुगल्या नाहीत, वशिला नाही,” मी बसल्या जागेवरून म्हटलं. “तुम्ही प्रश्न विचारलाय, यंत्राने उत्तर दिलंय.”

“अगं, दोन न्योमान रुंडा आहेत वाडीत!”

“आणि वायान लोद्रा किती आहेत?”

मी उभी राहिले. “ज्याचं ज्याचं नाव वायान लोद्रा असेल त्याने हात वर करा.”

लोकांना आठवायला वेळ लागला. सणाला आलेल्या पान सांदातने पोलिसी हात वर केला. माझ्या नवऱ्याने अर्धा केला. मग पान जेपुनच्या लेकाने बापाचा हात धरून वर उचलला. “बाबा, तुम्ही पण.”

“मी?” म्हातारा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, काठी मांडीखाली सारत, “मला काय माहीत! मला सांगायचं ना!”

क्लियानांनी बसायची चटई माझ्याकडे सरकवली. “तू लिही. पण आधी ती दुसरी बायको काढ.”

मी कमरेचा शेला आवळून बसले. आधी क्लियानांचं घर. जोडणी क्रमांकावर केली आणि व्हेअरच्या पुढे त्यांच्या नावाऐवजी त्यांचा क्रमांक टाकला. मेन लास्ती चादरीवरून गेली. “एवढ्यात काडीमोड?” ती म्हणाली. मेन रातिह खाली बसली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं, माझ्याकडे बघून, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग गैरहजेरी. डिस्टिंक्ट पुसून टाकलं. नावाच्या जागी क्रमांक. आणि आता खरं बोलायचं तर मला चढला होता माज. सगळी वाडी माझ्या बोटांकडे बघत होती. म्हटलं, क्लियानांना सुचलं नाही ते दाखवावं. नुसता आकडा कशाला? प्रत्येक गैरहजेरीचा दिवसही दाखवू, क्रमाने लावून. मी दिवसाचा रकाना जोडला आणि बटण दाबलं.

पान सांदात, तीन वेळा. त्याला सिंगाराजाहून यायची सक्तीच नाही. पान जेपुन, दोनदा, गुडघ्यांमुळे. पान तुंजुंग, दोनदा.

दोनदा म्हणजे तीनपेक्षा कमी! पुरुषांनी जमिनीवर हात आपटून गलका केला. “पुढचे पाय सुटले!” बारोंगचा मागचा भाग, पान सुली, नवऱ्याच्या गळ्यातच पडला. जावयाचे ओठ हलायचे थांबले. क्लियान मोठ्याने म्हणाले, “पुढचे पाय पान तुंजुंगचेच,” आणि माझं ऊर भरून आलं. सासरे असायला हवे होते, असं वाटलं.

मग माझ्या डोक्यात आलं: दोनदा?

मी चादरीकडे बघितलं. पहिला दिवस तापाचा. ते मला आठवत होतं, मीच त्याच्या कपाळावर कांद्याचा लेप लावला होता. दुसरा दिवस, तुंपेक लांदेपच्या दुसऱ्या दिवसाचा रविवार. तुंपेक लांदेपला लोखंडाची पूजा असते. सुऱ्या, विळे, स्कूटरी, आणि यंदा हा कॉम्प्युटरही. सगळ्यांना द्रोण वाहून मी इतकी दमले होते की दुसऱ्या सकाळी टोल वाजला तेव्हा अंथरुणातच होते. नवरा मात्र टोल वाजताच उठला. “बांबू तोडायला बोलावलंय,” म्हणाला. काखेत नारळाच्या पानांची विणलेली पिशवी होती. विळा आहे म्हणाला. त्या पिशवीत काहीतरी हलल्यासारखं वाटलं होतं, पण माझे डोळे मिटत होते.

बांबू तोडायला तो पोचलाच नव्हता. चादरीवर लिहिलेलं होतं.

समोर मेन रातिह माझ्याइतक्याच वेगाने हिशेब करत होती. “काय गं मेन तुंजुंग,” ती गोड आवाजात म्हणाली. “तुझा तो लाल कोंबडा कुठल्या दिवशी गेला म्हणालीस?”

मला उत्तर द्यायची गरज पडली नाही. चार घरांना ऐकू जाईल असा तो दिवस मीच सांगून ठेवला होता. रविवारी पलीकडच्या गावात कोंबड्यांची झुंज लागते हे बायकांनाही ठाऊक असतं आणि पुरुषांना तर आमंत्रणच असतं.

मी नवऱ्याकडे वळले. तो मंडपाच्या वाशांकडे बघत होता.

“अहो!”

“जिंकत होता,” तो वाशांना म्हणाला. “दुसऱ्या झडपेपर्यंत जिंकत होता गं.”

आता जो हशा उठला त्यापुढे क्लियानांच्या दोन बायका फिक्या पडल्या. पान जेपुन काठी शोधून पुन्हा आपटायला लागला, “हाकला या लोद्राला!” माझे कान तापले. चादरीवरून ती ओळ काढावी म्हणून मी एक कळ दाबली, तर भलतीच दाबली गेली आणि अक्षरं आणखी मोठी झाली.

क्लियान माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचा चेहरा धुतल्यासारखा प्रसन्न झाला होता. “फार छान लिहिलास प्रश्न, मेन तुंजुंग,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर.”

गालुंगानच्या आदल्या दिवशी नवऱ्याने नदीवर आतडी धुतली. नियम तो नियम. त्याच्या एका बाजूला ती पोरं होती जी नेहमीच असतात, दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं, कारण पान जेपुनने गुडघा दाखवून सूट मिळवली होती. मी कामाशिवाय दोनदा पुलावरून गेले. दोन्ही वेळा त्याने मान वर केली नाही. मग मी कोवळ्या फणसाची भाजी घेऊन मेन रातिहकडे गेले आणि एक चांगलं मांसल हाड तिच्या कुत्र्यापुढे ठेवलं. त्याने शेपूट हलवली. कुत्र्यांचं बरं असतं. मेन रातिहने हाडाकडे बघितलं, भाजी हुंगली आणि म्हणाली, “मीठ कमी दिसतंय.” म्हणजे बोलणं सुरू झालं.

येता येता मंडपात शिरून माझा कोंबड्यांचा तक्ता उघडला. बिइंगच्या ओळीत ‘गेला कसा’ या रकान्यात ‘क्लियानांचा कुत्रा’ असं लिहिलेलं होतं. ते बदललं. नवऱ्याचं नाव टाकलं नाही, उगाच एक पोलीस आणि एक म्हातारा त्यात अडकले असते. आमच्या घराचा क्रमांक टाकला.

सणाच्या दिवशी दुपारी बारोंग निघाला. पुढे पान लास्तीचं ढोलकं, वर छत्री धरलेला क्लियानांचा जावई, मागे वाडीतली सगळी पोरं. तो घरोघरी थांबतो, घरची बाई द्रोण पुढे करते, तो जबडा वाजवतो आणि पुढे जातो. मी आमच्या दारात द्रोण घेऊन उभी होते. दुरूनच ती चाल दिसली, एक पाऊल, ठेका, दुसरं पाऊल, आणि काय सांगू, दोन दिवस आवळून धरलेला राग तिथेच सैल व्हायला लागला. मी तो पुन्हा आवळला.

बारोंग आमच्या दारात आला आणि खाली बसला. सोनेरी डोकं पार माझ्या पायांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. पान लास्तीने ठेका बदलला, बारोंग उठला नाही. पोरं हसायला लागली. मागच्या पायांतून पान सुलीचा दबका आवाज आला, “अरे ऊठ की! माझी कंबर मोडली! देवळातसुद्धा एवढा वाकत नाहीस!”

मी वाकले. मुखवट्याच्या कानाशी तोंड नेलं. आतून घामाचा आणि नदीचा वास येत होता.

“पुढच्या गालुंगानला मला लाल कोंबडा हवा,” मी म्हटलं. “आणि तो झुंजणार नाही.”

जबडा वाजला, एकदाच, हळू.

“नक्की?”

मुखवटा डोक्यावर असला की माणसाला फक्त समोर बघता येतं, जबड्याच्या फटीतून. वर वाशांकडे बघायची सोय नसते. त्या फटीतून दोन डोळे सरळ माझ्याकडे बघत होते.

जबडा पुन्हा वाजला. या वेळी जोरात.

मी द्रोणातला तांदूळ त्याच्या डोक्यावर उधळला आणि बाजूला झाले.